जोडीचा पासंग: दोन कॅमेरे सारखे आहेत, हे ठरवायचं कसं?

मागच्या उन्हाळ्यात मला एक ‘शोध’ लागला होता. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा मी दोन कॅमेऱ्यांनी टिपला होता. संगणकावर जोडी लावून अंतरं काढली, तर समोरून सरळ दिसणारी ती भिंत उजवीकडे मागे मागे जात होती. डावं टोक १९ मीटरवर, उजवं २१ मीटरवर. मी लगेच टिपण लिहायला घेतलं: तट बांधणाऱ्यांनी इथे मुद्दाम वळण दिलं असावं, त्यामागे संरक्षणाचं काही कारण असावं वगैरे. कारणंही भराभर सुचली. एकदा आकडा हातात आला की कारणं सुचतातच.

मार्गदर्शकांना टिपण दाखवलं. त्यांनी वळणाबद्दल काही विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, “जोडी तपासली होतीस का?”

मी म्हटलं, “सर, दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे आहेत.”

“ते कंपनीचं म्हणणं झालं. तू काय तपासलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण धारणीला घरी परत येताना एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या आजोबांचं धारणीत किराणा दुकान होतं. मोहफुलं, ज्वारी, डाळ सगळं टांगत्या तराजूवर. कुणी मापावरून कुरकुर केली की आजोबा वाद घालत नसत. म्हणायचे, “पारडे बदलून पाय, मंग बोल.” म्हणजे डावीकडचा माल उजव्या पारड्यात टाकायचा आणि वजन डाव्या. तरीही काटा मध्येच राहिला तर तराजू खरा. काटा सरकला तर तराजूतच पासंग आहे, मालात नाही.

आजची गोष्ट या पासंगाची आहे. माझा संशोधनाचा विषय एकोणिसाव्या शतकातली स्टिरिओ छायाचित्रं हा आहे. अशा जोडचित्रांवरून वास्तूंची मापं किती भरवशाने काढता येतील, हे मी पाहते. गाविलगडावरचं काम म्हणजे त्याची रंगीत तालीम होती. तिथे मी जी चूक केली, ती टाळायची कशी याचा विचार दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी करून ठेवला होता. मी तो वाचलाही होता. वापरला मात्र नव्हता.

जोडीत काय असतं?

डावा डोळा झाका, मग उजवा झाका. जवळची वस्तू मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखी वाटते. वस्तू जितकी जवळ, तितकी ही सरक जास्त. आपला मेंदू या सरकेवरून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं. आरशांचं एक साधं उपकरण करून त्यांनी दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली आणि सपाट कागदावरची आकृती उठून उभी राहिली. लक्षात घ्या, ती चित्रं हाताने काढलेली होती. छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायला अजून वर्ष होतं. जोडचित्राची कल्पना कॅमेऱ्याच्या आधीची आहे.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप सुचवला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांनी डोक्यावर घेतला आणि जोडचित्रांची मागणी वाढली. मग प्रश्न आला, ही जोडी काढायची कशी?

दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे एकच कॅमेरा. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा थोडा बाजूला सरकवायचा, दुसरा घ्यायचा. इथे भिंग तेच, पेटी तीच, त्यामुळे उपकरणात फरक नाही. पण दोन फोटोंच्या मध्ये वेळ जातो. ऊन सरकतं, पान हलतं, माणूस मान वळवतो.

दुसरी वाट म्हणजे दोन भिंगं आणि एकाच क्षणी दोन्ही फोटो. मँचेस्टरचे उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८५३ च्या सुमारास असा दोन भिंगांचा कॅमेरा केला आणि १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इथे वेळेचा प्रश्न मिटतो. पण दोन भिंगं हुबेहूब सारखी कुठून आणायची?

ही अदलाबदल नीट समजून घ्या, कारण तुमचा विषय कुठलाही असो, ती भेटणारच आहे. दोन गोष्टींची तुलना करताना उपकरण एक ठेवलं तर वेळ बदलते, वेळ एक ठेवली तर उपकरण बदलतं. दोन्ही एकदम साधत नाही. काय सोडलं आणि त्याची किंमत किती, हे मोजणं एवढंच आपल्या हातात असतं.

ब्रूस्टर यांनी भिंगांच्या प्रश्नावर सुचवलेला उपाय मला फार आवडतो. दोन भिंगं घासून अगदी सारखी करणं कठीण, म्हणून एकच भिंग मधोमध कापायचं आणि एक अर्धा डावीकडे, दुसरा उजवीकडे बसवायचा. दोन्ही अर्धे एकाच काचेचे, एकाच घासणीचे, तेव्हा त्यांची फोकल लांबी सारखीच येणार. चांगलं भिंग कापायला कुणाचा हात धजेल? पण त्यामागचा विचार बघा. सारखेपणा बाजारात विकत मिळेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. तो मुळातूनच कसा येईल, हे ते शोधत होते.

अजिंठ्यातली जोडचित्रं

आता आपल्या भागाकडे येऊ. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. पण माझ्या कामाच्या केंद्रस्थानी आहेत मेजर रॉबर्ट गिल. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याच्या कामावर नेमलं गेलं. पुढची कित्येक वर्षं ते अजिंठ्यालाच राहिले. त्यांची रंगवलेली चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळून गेली.

दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळले होते. १८६४ मध्ये लंडनहून त्यांच्या जोडचित्रांचं पुस्तक निघालं, ‘वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स ऑफ आर्किटेक्चर अँड नॅचरल हिस्टरी इन वेस्टर्न इंडिया’. वर्णनं लिहिली वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी. गिल १८७९ मध्ये वारले आणि त्यांचं दफन भुसावळला झालं. बडनेऱ्याहून मुंबईकडे जाताना आपण ते स्टेशन किती वेळा ओलांडतो!

रंगवलेली चित्रं गेली, फोटो राहिले. त्यामुळे या फोटोंकडे आपण आता पुरावा म्हणून पाहतो. आणि पुरावा म्हटलं की सरांचा प्रश्न पुन्हा येतो: जोडी तपासली का?

त्या काळी ओल्या कोलोडियनची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. सगळं काही मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हात थर किती लवकर सुकत असेल, त्याचा अंदाज करा. आता एखादा छायाचित्रकार एकाच भिंगाने दोन वेगळ्या काचांवर जोडी घेत असेल, तर दोन फोटोंमध्ये बराच वेळ जाणार. दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर एका काचेवर एकदम काम होणार.

जुनं जोडचित्र हातात आलं की त्याने स्वतःबद्दल काय सांगून ठेवलंय ते वाचायचं असतं. मी असं करते. आधी सावल्यांच्या कडा पाहते. खांबाची सावली डाव्या चित्रात पायरीच्या ज्या चिऱ्यावर पडते, त्याच चिऱ्यावर उजव्या चित्रात पडते का? सावली सरकली असेल तर मध्ये वेळ गेलाय. मग माणसं आणि झाडं. एका चित्रात माणसाचा हात गुडघ्यावर आणि दुसऱ्यात मांडीवर असेल, तर जोडी एका क्षणाची नाही. त्यानंतर डावं-उजवं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात प्रत्येक भिंग प्रतिमा उलटी करतं, त्यामुळे छापल्यावर दोन्ही चित्रं कापून त्यांची जागा बदलावी लागते. ते राहून गेलं तर खोली उलटी दिसते: जवळचा खांब मागे जातो आणि मागची भिंत पुढे येते. लेण्याच्या आतल्या दृश्यात हे पटकन लक्षातही येत नाही, कारण डोळ्यांना अंधाऱ्या जागेची आधीच सवय नसते.

एवढं झाल्यावर शेवटची आणि सगळ्यात भक्कम कसोटी. लेणी जागेवर आहेत. ज्या खांबांचा फोटो आहे, त्यांच्यामधलं अंतर आज परवानगी घेऊन टेपने मोजता येतं. फोटोतून काढलेलं माप त्याच्याशी जुळलं, तर जिथे टेप पोचत नाही किंवा जे आज उरलेलं नाही, तिथेही त्या फोटोवर थोडा विश्वास ठेवता येईल.

खोटी खोली

स्टिरिओस्कोपने खोली दिसते. पण दिसलेली प्रत्येक खोली खरी असते का? नाही. आणि हेही जुन्या लोकांनी फार छान दाखवलं आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख डोवे यांनी १८५९ मध्ये स्टिरिओस्कोपचा वेगळाच उपयोग सुचवला: नकली नोटा ओळखायच्या. खरी नोट एका डोळ्यासमोर, संशयित नोट दुसऱ्या डोळ्यासमोर. दोन्ही एकाच ठशाच्या असतील तर सगळं सपाट दिसतं. नकलेत एखादं अक्षर केसभर इकडे-तिकडे झालं असेल, तर ते कागदावरून वर उठल्यासारखं किंवा खाली गेल्यासारखं दिसतं. म्हणजे दोन सपाट कागदांतल्या नुसत्या फरकातून खोली तयार झाली. माझ्या तटाचं नेमकं हेच झालं होतं, पण ते पुढे सांगते.

दुसरं उदाहरण कार्ल पुलफ्रिख यांचं. झाइस कंपनीत काम करताना त्यांनी १९०१ मध्ये स्टिरिओ-कंपॅरेटर नावाचं जोडचित्रं मोजण्याचं यंत्र पुढे आणलं. पुढे १९२२ मध्ये त्यांनी एका विचित्र भासाचं स्पष्टीकरण दिलं. एका डोळ्यावर काळी काच धरा आणि समोर सरळ डावी-उजवीकडे झुलणारा लंबक बघा. लंबक सरळ न झुलता लंबगोल फिरल्यासारखा दिसतो. कारण अंधुक दिसणाऱ्या डोळ्याचा संदेश मेंदूकडे किंचित उशिरा पोचतो. उशिरामुळे दोन डोळ्यांना लंबक दोन जागी दिसतो आणि मेंदू त्या फरकाला खोली समजतो. पुलफ्रिख यांची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी तोवर गेलेली होती. ज्या भासाला आज त्यांचं नाव आहे, तो त्यांना स्वतःला दिसू शकत नव्हता.

डोवेंच्या नोटेत जागेचा फरक, पुलफ्रिखच्या लंबकात वेळेचा फरक. जोडीत हे दोनच मुख्य पासंग असतात.

माझ्या भिंतीचं काय झालं?

आता हिशेब करू. घाबरू नका, दहावीचं गणित आहे. वस्तूचं अंतर काढायला फोकल लांबीला दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतराने गुणायचं आणि सरकेने भागायचं. माझी फोकल लांबी ३५ मि.मी., कॅमेऱ्यांमधलं अंतर १२० मि.मी. २० मीटरवरच्या भिंतीसाठी सरक येते ०.२१ मि.मी. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर एवढीच. सगळी खोली या पाव मिलिमीटरपेक्षाही कमी जागेत साठवलेली असते.

माझी दोन्ही भिंगं झूमची होती. रिंग हाताने फिरवून मी दोन्हीकडे ३५ च्या खुणेवर आणली होती. समजा उजवीकडची फोकल लांबी हजारात एक भाग जास्त आहे, म्हणजे ३५ ऐवजी ३५.०३५. खुणेकडे बघून हे कुणालाच कळणार नाही. पण त्यामुळे चित्राच्या मध्यापासून १० मि.मी. दूर असलेला बिंदू ०.०१ मि.मी. जास्त दूर पडतो. म्हणजे एका कडेला सरक ०.२१ ऐवजी ०.२० आणि दुसऱ्या कडेला ०.२२. भागाकार करून बघा: एका टोकाला २१ मीटर, दुसऱ्या टोकाला १९.

माझा ‘शोध’ म्हणजे हेच दोन आकडे.

मी परत गाविलगडावर गेले. तिपाई त्याच जागी लावली, आणि आजोबांनी सांगितलेलं केलं: डावा कॅमेरा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. झूमची रिंग टेप लावून पक्की केली, म्हणजे हलायला नको. नवी जोडी घेतली. आता भिंतीचं डावं टोक मागे गेलं आणि उजवं पुढे आलं. वळण भिंतीत असतं तर जागेवरच राहिलं असतं. कॅमेरे बदलल्यावर तेही उलटलं, म्हणजे वळण कॅमेऱ्यांत होतं. खात्रीसाठी तटाच्या पायथ्याशी दोरी ताणली. भिंत सरळ.

हा उलटवून पाहण्याचा प्रकार काही नवा नाही. सर्व्हेवाले थिओडोलाइटची दुर्बीण उलटवून तोच कोन पुन्हा वाचतात, म्हणजे यंत्राचा दोष दोन्ही वाचनांत विरुद्ध दिशेने येतो आणि सरासरीत कटतो. विल्यम लॅम्टन यांनी सुरू केलेली मोठी मोजणी याच मुलखातून पुढे सरकत होती. १८२३ मध्ये त्यांचा मृत्यूही विदर्भातच, हिंगणघाटला झाला. यंत्रावर प्रेम करावं पण आंधळा विश्वास ठेवू नये, ही शिस्त त्या धंद्यात जुनी आहे.

कामाला लागण्याआधी चार कसोट्या

तुम्ही दोन कॅमेऱ्यांची जोडी वापरणार असाल तर हे आधी करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पहिली, लांबचा डोंगर. पाच-सहा किलोमीटरवरची डोंगराची धार दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा आणि एक चित्र दुसऱ्यावर ठेवा. इतक्या दुरून सरक जवळजवळ शून्य असते, त्यामुळे चित्रं जुळायला हवीत. सगळं चित्र सारखंच बाजूला सरकलेलं दिसलं, तर कॅमेरे समांतर नाहीत. फरक मध्यावर शून्य आणि कडांकडे वाढत गेला, तर फोकल लांबी वेगळी आहे. एक चित्र वर आणि दुसरं खाली असेल, तर एक कॅमेरा वर-खाली कललेला आहे.

दुसरी, पडता चेंडू. भिंतीला उभा टेप लावा, शेजारून चेंडू सोडा आणि दोन्ही कॅमेरे एकदम चालवा. एक मीटर पडल्यावर चेंडूचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर असतो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा उशीर झाला तरी दोन फोटोंत चेंडूच्या उंचीत साडेचार सेंटिमीटरच्या आसपास फरक दिसेल. चेंडू उभा पडतो आणि खोलीची सरक आडवी असते, म्हणून दोन्हींची गल्लत होत नाही.

तिसरी, पांढरी भिंत. एकाच उजेडात, हाताने ठरवलेल्या सारख्याच सेटिंगवर दोन्हींनी फोटो घ्या. उजेड आणि रंग जुळतात का ते पाहा. कॅमेऱ्याला स्वतःहून ठरवायला सोडू नका.

चौथी, अदलाबदल. वरचं सगळं जुळलं तरीही एकदा कॅमेरे बदलून तीच वस्तू टिपा. उत्तर बदललं तर थांबा.

आणि या कसोट्यांचे फोटो फेकू नका. प्रत्येक दिवसाच्या कामासोबत ठेवा. माझ्या चार महिन्यांच्या जोड्यांपैकी ज्यांच्या चौकटीत योगायोगाने दूरचा डोंगर आला होता, त्याच मला दुरुस्त करून वापरता आल्या. रोज झूमची रिंग नव्याने फिरवली होती, त्यामुळे बाकीच्यांचा पासंग किती होता हे आता कधीच कळणार नाही.

आपल्या जंगलातली जोडी

धारणीच्या मुलांना कॅमेऱ्यांची आणखी एक जोडी ठाऊक असते. मेळघाट हा १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प. वाघांच्या गणनेसाठी जंगलातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला किंवा खुंटाला दोन कॅमेरे बांधतात. ही जोडी खोलीसाठी नसते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी टिपाव्या लागतात. एक कॅमेरा बंद पडला तर नुसती डावी बाजू हाती येते. दुसऱ्या ठिकाणी नुसती उजवी मिळाली, तर तो तोच वाघ की दुसरा, हे सांगता येत नाही. २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. प्रत्येक ठिकाणी दोन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळ जुळलेलं आहे का, दोन्ही वेळेवर उडतात का, हे कुणीतरी जाऊन पाहिलेलं असतं. अहवालात शेवटी वाघांचा आकडा छापून येतो. तो खरा ठरतो तो या पाहण्यामुळे.

गाविलगडाच्या वळणाचं टिपण मी अजून फाडलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवलंय. त्याखाली दुसऱ्या भेटीतले दोन आकडे उलट क्रमाने लिहिलेत: डावं टोक २१, उजवं १९. सरांनी ते पान पाहिलं आणि म्हणाले, “आता हेच प्रकरणाचं पहिलं पान कर.” तेच करते आहे. पुढच्या महिन्यात अजिंठ्याला जायचं आहे. या वेळी सामानात दोरी आणि टेप सगळ्यात आधी भरलेत.